चालू पान

तिने रंगाचा आकडा पुन्हा बदलला, फाइल सेव्ह केली आणि पान रिफ्रेश केलं. वाचनालयाच्या नव्या वेबसाइटवर वरच्या पट्टीत शब्द ओळीने आले: मुखपृष्ठ, नवी पुस्तकं, ऐकायची पुस्तकं, वेळा, संपर्क. त्यांतला ‘वेळा’ हा शब्द लाल दिसायला हवा होता, कारण आत्ता तेच पान उघडं होतं. आपण कुठे आहोत ते वाचकाला कळावं, एवढंच त्या लाल रंगाचं काम. पण तिला सगळे शब्द सारखेच काळपट दिसत होते.

काम म्हटलं तर किरकोळ. नवशिकेसुद्धा चहा निवायच्या आत उरकतात. ती मात्र सकाळपासून त्याच्याशी डोकं फोडत बसली होती. कोडमधला रंगाचा नियम जागेवर होता, नाव बरोबर होतं, कुठे अर्धविराम सुटला नव्हता. शेवटी वैतागून तिने होता नव्हता तेवढा लाल त्यात ओतला. शब्द जरासा मातकट झाल्यासारखा वाटला, बस्स.

“तुझा लाल लागतच नाहीये रे,” तिने मान न वळवता हाक मारली.

शेजारच्या टेबलावरून रंगराव उठून आला. साइटचे रंग ठरवणारा म्हणून त्याला सगळे रंगराव म्हणत. खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाच आठवत असावं. तो तिच्या खुर्चीमागून वाकला आणि खो खो हसायला लागला.

“अगं, हे काय करून ठेवलंस! वेळा बघायला आलेला माणूस आधी बंब बोलावेल.”

“जास्त झाला?”

“जास्त? डोळ्यांत घुसतोय. माझा आधीचा लाल कुठे गेला? सकाळी फोनवर बघितला मी, मस्त बसला होता.”

“मी जरा प्रयोग करत होते,” ती म्हणाली.

“चालू पान असावं, पण इतकं चालू नको.” स्वतःच्याच विनोदावर खूश होत तो जागेवर गेला. उघड्या पानाला त्यांच्याकडे ‘चालू पान’ म्हणत, आणि हा विनोद दर साइटला एकदा होतच असे. एरवी ती हसायची.

तो पुन्हा कामाला लागेपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली, मग बाटली घेऊन, पाणी भरायला निघाल्यासारखी बाहेर गेली. व्हरांड्याच्या टोकाला भिंतीवर आग विझवायचं नळकांडं टांगलेलं होतं. ते लाल आहे हे तिला माहीत होतं. रोज त्याच्यावरूनच तर ती जायची. तिने एक डोळा हाताने झाकला. नळकांडं विटकरी दिसलं. दुसरा झाकला. आता ते राखेच्या रंगाचं झालं. तिने पुन्हा पुन्हा डोळे बदलून पाहिलं. कुणीतरी जिना चढत असल्याचा आवाज आला तशी ती डोळ्यात काही गेल्यासारखं चोळत उभी राहिली.

तिला भयंकर भीती वाटली. ही भीती अनोळखी असती तर निदान तिला काही समजूत घालता आली असती. पण हे सगळं तिने घरात पाहिलं होतं. आई शाळेत शिकवायची. एका वर्षी तिने वह्या तपासायची लाल पेनं फेकून द्यायला सुरुवात केली. शाई विटकी आहे, दुकानदार लबाड आहे म्हणत पोरीच्या देखत त्याच्याशी भांडूनही आली. पेनं चांगली होती हे लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला होता. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, हे रक्तातलं आहे, मुलीचे डोळे दर वर्षी दाखवा. सुरुवातीलाच सापडलं तर थोपवता येतं. ती काही वर्षं दाखवायला गेली. मग मला काय धाड भरलीये, असं म्हणत तिने जायचं सोडून दिलं.

आणि आज सकाळपासून तिचं तेच चाललं होतं. दुकानदाराशी भांडायचं तेवढं राहिलं होतं.

दुपारी तिने रंगरावचा लाल मुकाट्याने परत आणला. खाली एक जाड रेघ ओढली. शिवाय न दिसणाऱ्यांना वाचून दाखवणाऱ्या फोनसाठी एक खूण घातली, म्हणजे त्या शब्दावर बोट आलं की फोन ‘चालू पान’ असं म्हणेल.

“रेघ कुणी सांगितली?” रंगरावने विचारलं.

“एका बाईची तक्रार होती,” ती म्हणाली.

घरी जाताना तिने ठरवून टाकलं: आईला सांगायचं नाही. आई स्वतःलाच दोष देत बसेल. डॉक्टरांचं मग बघू. ‘मग’ म्हणजे कधी, याचा विचार तिने केला नाही.

आई खिडकीपाशी फोन कानाशी धरून बसली होती.

“आई, वाचनालयाच्या साइटवर वेळांचं पान उघडून बघ ना जरा.”

आईचं बोट सराईतपणे काचेवरून सरकलं. “वेळा, चालू पान,” फोन म्हणाला.

“चालू?” आई हसली. “लबाड आहे की काय?”

“तू पण?”

“पण बरं केलंस गं. नाहीतर कुठल्या पानावर आहे ते कळायचंच नाही, दर वेळी पहिल्यापासून चाचपडत यायचं.”

“रेघही दिलीये शब्दाखाली. जाड.”

“रेघ कशाला? रंग असतो ना?”

“असतो. पण एका बाईला तो दिसेना.”

“कोण बाई?”

“असेल कुणी वाचक.” तिने आवाज नेहमीसारखा ठेवला, आणि तो राहिलाही. “तिला वाटलं, रंग लागलाच नाही.”

“मग?”

“मग काय, लाल वाढवत बसली दिवसभर.”

बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. वाचणाऱ्याला साइटचा रंग वाढवता येत नाही. हे आईला कळत नसेल, असं तिने क्षणभर स्वतःला सांगून पाहिलं.

फोन पुढचा शब्द वाचू लागला. आईने तो बंद करून बाजूला ठेवला.

“मी चहा टाकते, आई,” ती म्हणाली.

“बस इथे.”

ती बसली. आईचा हात आधी तिच्या खांद्याला लागला, मग मानेवरून वर येत गालावर थांबला.

“आधी कुठला डोळा?” आईने विचारलं.