सायलेंट पार्टनरची बत्तिसावी शर्यत

सोलापुरात शटर दुरुस्त करणारे पुष्कळ. पण पुण्याच्या रेसकोर्सवर एकतीस शर्यती पळालेला थरोब्रेड घोडा बाळगणारा शेखलाल एकटाच. घोड्याचं नाव सायलेंट पार्टनर. कारकिर्दीत तो दोनदा पहिला आला होता. उरलेल्या एकोणतीस वेळा, शेखलालच्या म्हणण्याप्रमाणे, त्यानं दुसऱ्यांना संधी दिली होती.

निवृत्त झालेला हा घोडा शेखलालनं हौसेनं घरी आणला, आणि त्या दिवसापासून घोडा पळेचना. लगाम सोडा, टाच मारा, हा आपला पासपोर्टचा फोटो काढायला उभा केल्यासारखा.

मेहुणा खालिद वरातीला घोडे भाड्यानं द्यायचा. तो म्हणाला, "दुल्हेभाई, मैंदर्गीच्या जत्रेत शर्यत हाय. तितं पळाला तर तुमचा. न्हाय पळाला तर माझ्याकडं, वरातीला. तुरा लई शोभंल त्याला."

शेखलाल ईर्षेनं हो म्हणाला, आणि त्याला जेवताना ताटातसुद्धा तुरा दिसू लागला.

घोड्याला माणसांची सवय व्हावी म्हणून तो त्याला कामावर नेऊ लागला. एका सकाळी नवी पेठेत साडीच्या दुकानाचं अडकलेलं शटर त्यानं वर ढकललं. खडाड् झालं, आणि बाहेर बांधलेला पार्टनर 'महासेल'च्या बोर्डासकट सुटला. रिक्षा, सराफ, गिऱ्हाइकं सगळ्यांना मागं टाकून चौदाशे मीटरवर आपोआप थांबला. अंतर शेखलालनं नंतर मोजलं; पुण्यातल्या त्याच्या शर्यतीही तेवढ्याच लांबीच्या होत्या.

"अगं, ह्याचा जन्म रेसकोर्सच्या लोखंडी गेटातून सुटण्यात गेला!" तो लेकीला, अर्शीला म्हणाला. "दार वाजल्याबिगर शर्यत लागली हे ह्याला कळणार कसं?"

जत्रेत शेखलाल टेंपोतून चौकटीसकट शटर घेऊन उतरला.

"अय्यो, दुकान टाकताय का हो?" पंच शरणप्पानं विचारलं.

"न्हाय, घोड्याचं हाय."

शरणप्पानं सगळे नियम आठवून बघितले. शटरला मनाई नव्हती.

पाच घोडे रेषेवर, सहावा शटरमागं. पाठीवर अर्शी, स्कुटीचं हेल्मेट घालून. झेंडा पडला. पाच सुटले. शेखलालनं शटर उचललं; ते वीतभर वर जाऊन जाम झालं. वीस वर्षं गावाची शटरं उघडणाऱ्या माणसाला स्वतःचं उघडेना. जत्रा खिदळायला लागली.

"अब्बा!" आतून अर्शी ओरडली.

"थांब की, तेल घालतो!"

खालिदनं गप्प राहायचं ठरवलं होतं. घोडा त्यालाच मिळणार होता. पण आपल्या दुल्हेभाईला परकं गाव हसतंय, हे त्याला बघवेना. "सरका!" म्हणत त्यानं अशी लाथ घातली की शटर खडाड् करून वर गेलं.

पार्टनर सुटला. धुरळ्यात आधी पाचवा, मग चौथा, मग तिसरा. बघता बघता तो सगळ्यांत पुढं असलेल्या, बसलिंगप्पा नावाच्या गावकऱ्याच्या घोडीच्या मानेशी भिडला आणि डोक्याएवढ्या अंतरानं हुकून दुसरा आला. पण शर्यत नऊशे मीटरचीच होती. हे काम अर्धवट सोडणं पार्टनरला पटलं नाही. पुढच्या पाचशे मीटरांत तो निर्विवाद पहिला होता.

सगळी जत्रा त्याच्यामागं धावली. पहिली आलेली घोडी एकटीच उभी राहिली. बसलिंगप्पासुद्धा फोटो काढायला इकडंच आला.

"कुणाचा हो हा घोडा?" गर्दीतल्या एकानं विचारलं.

शेखलालनं तेलकट हात वर केला. त्याच्या आधी लंगडत, गर्दी सारत खालिद पुढं झाला.

"आमचा," तो छाती काढून म्हणाला. "एकतीस शर्यती पुण्यात पळालाय. बत्तिसावी तुमी बघितली की."