बाहेर पडायचा भाग यशोधनचा

पहिल्या स्लाइडवरून यशोधनचं नाव आम्ही काढलं नाही, म्हणून तो वर्गात येत राहिला. दिवाळीच्या सुट्टीत कऱ्हाडला घरी गेला असताना तो डेंग्यूने वारला होता. फरहीन आणि मी त्याच्या आईला भेटून आलो. शेजारणीने आणून दिलेला चहा प्यायलो. सोमवारी तासाला गेलो, तर तो शेवटच्या रांगेत नेहमीसारखा एक पाय बाहेर काढून बसलेला होता.

आमच्या एमबीएत नाव टाकायची पद्धत आहे. कोणी आजारी असतं, कोणाच्या बहिणीचं लग्न असतं, कोणी नुसताच ऐतखाऊ असतो. बाकीचे काम करतात आणि त्याचं नाव टाकतात. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. फरहीन त्याचं नाव खोडायला निघाली तेव्हा मी म्हणाले, "राहू दे. त्याचा भाग बाकी आहे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

विषय होता इंटरनॅशनल स्ट्रॅटेजी. घरघंटी बनवणारी सांगलीकडची एक कंपनी आम्ही घेतली होती आणि तिला परदेशात न्यायचं होतं. देश निवडायचं काम फरहीनचं, तिथे शिरायचं कसं हे माझ्याकडे आणि बाहेर पडायचं कसं हे यशोधनकडे. कर्णिक मॅडम पहिल्या तासालाच म्हणाल्या होत्या, "शिरायला कोणालाही येतं. अक्कल दिसते ती बाहेर पडताना." तेव्हा यशोधनने आपणहून हात वर केला होता.

आम्ही केनिया सादर केला. फरहीन बोलली, मी बोलले. मग शेवटच्या रांगेत यशोधन उठला. "बाहेर पडताना," तो म्हणाला, "ज्यांनी आपली घरघंटी घेतली त्यांचा आधी विचार. पट्टा तुटला, जाळी फाटली, तर सुटे भाग कोण देणार? ती सोय करायची आणि मगच शटर ओढायचं." तो बोलत होता तसतशी त्याच्या चौकड्याच्या शर्टातून मागची भिंत दिसायला लागली. आधी पुसट दिसली, मग भिंतीवरचा स्विचबोर्डही दिसला.

मी हात वर केला. "मॅडम, आम्ही अजून बाहेर पडत नाही आहोत. आम्ही इथिओपियात जातोय."

"असं?" मॅडम म्हणाल्या. "बरं, बसा."

यशोधन बसला. शर्ट पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी वर्गात एक रांग वाढली होती. ती आमच्या आणि यशोधनच्या मध्ये होती. तिथे बसलेल्या बायका तेफ नावाचं खसखशीएवढं बारीक धान्य घरघंटीत घालत होत्या आणि ते जाळीतून तसंच खाली पडत होतं. मी जाळीचा अभ्यास केला, तीन पानं लिहिली आणि वेळ मारून नेली. पुढच्या सादरीकरणाला आम्ही व्हिएतनाममध्ये शिरलो. तिथल्या रांगेत तांदूळ भिजत ठेवलेले होते. मग पेरू, मग जॉर्जिया. देश संपायची मला भीती नव्हती, जगात पुष्कळ देश आहेत.

पण प्रत्येक देशाला एक रांग लागत होती आणि यशोधन शेवटच्या रांगेतच बसायचा. ही गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली.

आता त्याचा चेहरा नीट दिसेना. सकाळच्या तासाला मी वळून पाहायची तेव्हा त्याच्या रांगेत दिवे लागलेले असायचे. काही विचारलं तर प्रश्न रांगेरांगेतून मागे जायचा आणि उत्तर दुपारी परत यायचं, त्याला ओल्या पिठाचा वास असायचा. एकदा मी विचारलं, "जेवलास का?" दुपारी उत्तर आलं, "मला इथून फळा दिसत नाही."

मी तास संपेपर्यंत रडले. कोणी काही विचारलं नाही, कारण जॉर्जियाच्या रांगेतली घरघंटी चालू होती.

कँटीनमध्ये फरहीन समोर येऊन बसली. "मॅडमनी बोलावलं होतं. शुक्रवारी बाहेर पडायचा भाग झाला नाही तर पूर्ण ग्रुप नापास."

"आणखी एक देश घेऊ."

"ऐक ना, माझी नोकरी ठरलीय. निकाल लागला नाही तर रुजू कशी होऊ?" तिने माझ्या ताटातला पापड मोडला आणि तसाच ठेवला. "आणि तू मला सांग, त्याला तिकडे बरं वाटतंय का?"

मला यशोधन हवा होता. तो जिवंत असताना मी हे त्याला सांगितलं नव्हतं आणि आता सांगितलं असतं तरी दुपारच्या आधी पोचलं नसतं. तो असावा एवढ्यासाठी मी त्याला इतकं लांब लोटलं होतं. तो जवळ यायचा तर मला एकेक देश सोडावा लागणार होता.

शुक्रवारी मी उभी राहिले आणि म्हणाले, "जॉर्जियातून बाहेर पडतोय." मागून त्याचा आवाज आला. सुटे भाग कोणाकडे ठेवले, कारागीर कोण, त्याला शिकवलं कोणी, हे सगळं त्याने सांगितलं. रांगेतली माणसं घरघंटीवर कापड टाकून उठली आणि रांगेने बाहेर गेली. रांग मिटली. भिंत पुढे सरकली आणि यशोधनही पुढे आला. मग पेरू मिटला. व्हिएतनाम मिटला तेव्हा मला त्याचे डोळे दिसले. पापण्यांवर पीठ होतं.

इथिओपिया गेला. केनिया गेला तेव्हा तो माझ्या शेजारी बसलेला होता, एक पाय बाहेर काढून. आमच्या मागे आता भिंतच होती. तो तसाच भरलेला होता, कुठूनही आरपार दिसत नव्हता. मला हसू आलं.

"संपलं, मॅडम," मी म्हणाले. "कंपनी सांगलीला परत आली."

"एक रांग आहे अजून," मॅडम म्हणाल्या.

वर्गात आमचीच रांग उरली होती. फरहीनने बॅग उचलली आणि ती दारापाशी जाऊन उभी राहिली. "चल ना," ती मला म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

यशोधनच्या हातात स्लाइड बदलायचा रिमोट होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय गं, एवढे देश कशाला हिंडवलंस?"

"तू राहावास म्हणून."

"मागं राहणाऱ्याची सोय आधी बघायची असती," तो म्हणाला. "तुझी काय सोय केलीस?"

"काही नाही."

"मग शटर कसं ओढू?"

"वेळ संपत आलीय," मॅडम म्हणाल्या.

मी त्याचा हात धरला. हात गरम होता, अंगात ताप असल्यासारखा. त्याने तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने त्याने बटण दाबलं.

माझ्या पाठीला भिंत लागली. फरहीन दारातून माझं नाव घेत होती. बाकावर पीठ सांडलेलं होतं आणि ते आमच्या दोघांच्याही हातांतून स्वच्छ दिसत होतं.