वेल्डिंगच्या ढालीचे खडे बोल

मी एक जुनी ढाल आहे. लढाईतली नव्हे, वेल्डिंगची. तेव्हा मित्रांनो, घोडे आणि तलवारी डोळ्यांसमोर आणू नका. मी तांबूस रंगाच्या जाड फायबरची आहे. माझ्या पाठीला लाकडी मूठ आहे आणि मधोमध कंपासपेटीएवढी खिडकी आहे. त्या खिडकीत दोन काचा बसतात. पुढची साधी काच ठिणग्या झेलते. मागची काळीकुट्ट काच डोळे भाजणारा उजेड गिळते. एरवी तिच्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. वेल्डिंग पेटलं की मात्र वितळणारं लोखंड बरोबर दिसतं.

माझ्या अंगावर डाग आहेत, एक कोपरा जळून काळा पडला आहे. त्याबद्दल कोणी माझी कीव करू नये. यातला प्रत्येक डाग कोणाच्या तरी गालावर पडायचा होता, तो मी माझ्यावर घेतला. मला त्याची लाज नाही, उलट मिरवण्याइतका अभिमान आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी त्या दिवशी तयार झाल्या. कोण कुठे गेली, ठाऊक नाही. मला एका मिस्त्रीने दुकानातून उचललं, मूठ घट्ट आहे का ते पाहिलं आणि आपल्या शेडमध्ये आणून खिळ्याला टांगलं.

शेड पत्र्याची होती. एका भिंतीशी अँगल आणि पाइप उभे, दुसऱ्या भिंतीशी वेल्डिंगचं मशीन, मध्ये लोखंडी टेबल. मिस्त्रीचा हात असा होता की सांधा कुठे आहे ते बोटाने चाचपूनही सापडू नये. लांबून लोक फाटकं आणि जिने करून घ्यायला येत. मोठं काम असलं की मिस्त्री मला तोंडासमोर धरी, आणि तेव्हा आमची जोडी बघण्यासारखी असे.

पण छोटं काम आलं की माझी किंमत शून्य! दोन तुकडे जागेवर राहावेत म्हणून आधी एक-एक ठिपका वेल्ड करतात, त्याला शेडमध्ये 'टाका' म्हणत. मिस्त्री म्हणायचा, "एकच टाका आहे, त्याला ढाल कशाला?" मग तो डावा डोळा मिटायचा आणि रॉड नेमका कुठे टेकतोय ते कळावं म्हणून उजवा किलकिला ठेवायचा. चर्र! झाला टाका. बघणारे तोंडात बोटं घालत. "मिस्त्री, मानलं तुम्हाला!" म्हणत. अशा दिवसांत माझा उपयोग काय? माझ्यावर नट-बोल्ट ठेवत. उकडलं की माझा पंखा करत. एकदा तर मला चहाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं. मी आतल्या आत धुमसत होते, पण ढालीचं ऐकतो कोण?

आणि एक गोष्ट मला कळली, जी घरात कोणालाच कळली नव्हती. सुरुवातीला मिस्त्री मला सरळ धरी. पुढे पुढे तो मला थोडी डावीकडे सरकवून धरू लागला. खिडकीतून फक्त डावा डोळा बघत असे. उजवा माझ्या मागेच असे, उघडा, पण तो काही शोधत नसे. मी समजून चुकले. त्या डोळ्यातला दिवा विझत चालला होता. मिस्त्रीने हे लपवलं. एका डोळ्याच्या मिस्त्रीकडे जिन्याचं काम कोण देणार?

मग सूनबाई आली. मिस्त्रीचा मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. मिस्त्रीचा हात आता कापू लागला होता. एक दिवस सूनबाईने पदर खोचला आणि म्हणाली, "मामंजी, मला शिकवा." मिस्त्री हसला, पण त्याने शिकवलं. मनापासून शिकवलं, हे कबूल केलंच पाहिजे. वर्षभरात तिचा सांधा सासऱ्याच्या सांध्याच्या पंगतीला जाऊन बसला.

साडी जाऊन शेडमध्ये जाड सुती शर्ट आला, बाह्या मनगटापर्यंत, वर चामड्याचे हातमोजे. सकाळी ती मला पुसायची, काचा काढून बघायची. पहिल्यांदाच कोणीतरी मला वस्तू न समजता सोबतीण समजत होतं. मी सुखावले, खोटं कशाला बोलू?

एक दिवस तिला माझ्या काळ्या काचेला केसाएवढी चीर दिसली. तिने मला टेबलावर पालथं ठेवलं. "नवी काच आणते. तोपर्यंत काम बंद."

"एवढ्याशा चिरेने काय होतंय?" मिस्त्री करवादला. ती काच आणायला गेली आणि याने रॉड धरायचा होल्डर उचलला. गिऱ्हाइकाच्या खिडकीच्या जाळीचे तीसेक टाके होते. सगळे त्याने ढालीशिवाय मारले. मी शेजारी पडून बघत होते. मला पाय असते तर मी त्याच्या आडवी गेले असते.

संध्याकाळी मिस्त्रीच्या डोळ्यांत जणू वाळूच शिरली. पाणी थांबेना, पापणी उघडेना. "धूळ गेली असेल," तो म्हणाला. सूनबाईने गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि सकाळी त्याला दवाखान्यात चला म्हणाली. तो गेला नाही. दोन दिवसांनी डोळे निवळले आणि मिस्त्रीची मिजास परत आली.

सूनबाई मात्र बदलली. तिने दुसरी ढाल आणली, माझ्या शेजारी टांगली आणि सांगितलं, "मामंजी, तुम्ही तुकडा धरणार असाल तर ही तोंडासमोर हवी. ढाल नाही तर काम नाही."

"चाळीस वर्षं मी गवत उपटत होतो का?" मिस्त्री म्हणाला. ती नवी ढाल महिनाभर कोरी करकरीत राहिली. सूनबाई वेल्डिंग करायची तेव्हा मिस्त्री तुकडा टेबलावर शिकंज्यात आवळून द्यायचा आणि पाठ फिरवून उभा राहायचा. पण ढाल घ्यायचा नाही. सासरा तसा, सून तशी. दोघांत मी लोंबकळत होते.

आणि मग एक टेंपोवाला आला. त्याच्या मागच्या फाळक्याची कडी तुटली होती. माल भरलेला, घाई झालेली. सूनबाई मला घ्यायला वळली, तर हा कडीवर वाकून उभा.

"दादा, मागे सरा, नाहीतर ती दुसरी ढाल घ्या," ती म्हणाली.

"ताई, एकच टाका तर आहे! तुमचं हे नाटक होईपर्यंत माझा माल नासेल." त्याने मिस्त्रीकडे बघितलं. "मिस्त्री, तुम्हीच मारा बघू. तुमच्यासारखं डोळे मिटून मारणारं आता राहिलंय कोण?"

कौतुकाने माणूस फुगतो, मित्रांनो. मिस्त्री पुढे आला. त्याने होल्डर घेतला, रॉड लावला, डाव्या डोळ्याने नेम धरला आणि सवयीने तो मिटला. तेवढ्यात खट्ट आवाज झाला. सूनबाईने मशीनचं बटण बंद केलं होतं आणि त्यावर हात ठेवून ती उभी होती.

"चालू कर," मिस्त्री म्हणाला.

"नाही."

"शेड कोणाची आहे?"

"तुमची. हवं तर मला उद्यापासून येऊ नको म्हणा. पण आज मी हात काढणार नाही. त्या दिवशी रात्रभर तुमच्या पट्ट्या मी बदलल्यात, मामंजी. परत बदलायच्या नाहीत मला."

टेंपोवाला हसला. "सून डोक्यावर बसली की हो मिस्त्री!"

मिस्त्रीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा होल्डर फेकतो. त्याने होल्डर टेबलावर ठेवला. मग डाव्या डोळ्यावर तळहात झाकून तो टेंपोवाल्यासमोर उभा राहिला.

"आता तू मला दिसत नाहीस," तो म्हणाला.

टेंपोवाल्याचं हसू थांबलं.

"उजेड कळतो. माणूस कळत नाही. एकच टाका, एकच टाका करत हा डोळा मी घालवला. तुझ्यासारखे वाहवा करायचे आणि मी उजवा किलकिला ठेवायचा."

मग सूनबाईने विचारलं, "कधीपासून?"

"तू या घरात यायच्या आधीपासून." मिस्त्रीने तळहात खाली घेतला. "तुझ्या सासूबाईंना सांगू नको लगेच."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीला पुसलं. तिने दुसरी ढाल काढून टेंपोवाल्याच्या हातात दिली. त्याने ती मुकाट तोंडासमोर धरली. आता मिस्त्रीसाठी ढाल उरली नव्हती.

"मामंजी, तुम्ही बाहेर," ती म्हणाली.

चाळीस वर्षांत त्याला त्याच्या शेडबाहेर कोणी काढलं नव्हतं. तो गेला. भिंतीपलीकडे पाठ करून उभा राहिला. सूनबाईने मला उचललं, मशीन चालू केलं आणि कडीला एक नाही, चारही बाजूंनी पक्का सांधा मारला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यातला पडदा आत भाजला आहे, तो आता भरून येणार नाही. डावा चांगला आहे. परत येताना मिस्त्रीने वाटेतून तिसरी ढाल घेतली. ती त्याने स्वतः टांगली, माझ्यापेक्षा एक वीत उंच, आपला मान राखला जावा म्हणून. राखू दे. मला हेवा नाही.

मित्रांनो, माझी जात विनवण्या करणारी नाही, म्हणून मी बजावते. मला पुसा. माझी काच बघा आणि चीर दिसली तर बदला. तुम्ही नुसते बघायला उभे असाल तरी माझ्यासारखी एखादी तोंडासमोर धरा, नाहीतर बाहेर उभे राहा. काम एका टाक्याचं असो की शंभर टाक्यांचं. हे जमत नसेल, तर मशीनचं बटण दाबू नका. मी खिळ्याला टांगून राहीन, माझं काही बिघडत नाही. काच माझी गेली तर दुकानात दुसरी मिळते.