न्हाणीचा दरवाजा आणि मी

मी कोंडा बोलतोय. डोक्यातला नव्हे, तांदळाचा. खुलासा आधीच केलेला बरा, नाहीतर शांपू घेऊन धावून याल.

पोलादपूरकडच्या एका डोंगरउतारावरच्या खाचरात माझा जन्म झाला. वर तूस, आत तांदूळ आणि मधल्या तांबूस सालीत मी. उखळात हातानं सडायचे तेव्हा मी दाण्याला थोडाफार चिकटून राही आणि माणसांच्या पोटात जाई. मग गिरणीत पॉलिश आलं. तांदूळ गोरा झाला आणि माझी रवानगी कोंबड्यांकडे झाली. कोंबड्या धडधाकट राहिल्या, माणसं दवाखान्यात गेली.

माझे मालक भागोजी मुंबईची नोकरी संपवून गावी आले, ते पोट बरोबर घेऊनच. शिमग्यात पालखी नाचवण्याचा मान त्यांच्या घराचा. गेल्या शिमग्यात चार पावलांत त्यांना दम लागला आणि पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. महाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "रक्तात चरबी वाढलीय. गोळ्या घ्या, चाला, वजन उतरवा, फायबर खा. नाहीतर पालखी लांबूनच बघा."

घरी येऊन त्यांनी बायकोला, चंद्रभागाबाईंना, हे सांगितलं. बाईंनी न्हाणीकडे बघितलं.

"फायबरचा आपल्याकडं तो एक दरवाजा हाय. तो खानार काय तुमी?"

"अगो, डॉक्टर सांगतोय!"

"मग कडी काढून देते. घशात अडकंल."

शेवटी मुंबईहून लेकीनं, दर्शनानं, फोनवर उलगडा केला. "बाबा, फायबर म्हणजे भाज्या, कुळीथ, नाचणी. आणि तांदळाचा कोंडा! पॉलिश करू नका."

"कोंबड्यांचं खानं?" भागोजींचा चेहरा पडला.

आता अपमान नेमका कोणाचा झाला, तुम्हीच सांगा.

खरी परीक्षा गिरणीत झाली. पॉलिश नको म्हणताच गिरणीवाला किशोर हसला. "काय काका, पावन्यांना लाल भात वाढनार? लोक म्हनतील, मुंबईचा पैसा संपला."

भागोजी घुटमळले. मी दाण्याला घट्ट धरून बसलो.

"म्हनू दे रे," ते म्हणाले. "लोकांच्या तोंडानं पालखी उचलत नाय."

सुरुवातीला जबडा दुखतो म्हणून कुरकुर झाली. पण मी पोटात ठाण मांडतो. पुन्हा भात वाढायला आलं की हात आपोआप आडवा होतो. वजन हळूहळू उतरलं, रक्तातली चरबीही. सगळं श्रेय मला नको. गोळ्या चालू होत्या, रोजची चढण होती, कुळथाचं पिठलं होतं. मी औषध नव्हे. पण कचराही नव्हे, एवढं लिहून घ्या.

यंदा शिमग्यात डॉक्टरांनी हो म्हटलं. भागोजींनी देवळापासून पारापर्यंत पालखी नाचवली आणि पुढे ती आपणहून दुसऱ्याच्या खांद्यावर दिली. घरी पाहुण्यांच्या पंगतीत लाल भात पडला. एकानं विचारलं, "पांढरा नाय काय?"

"हाय की," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पन तुमचं पोट बघून ह्योच काढला."

कोंबड्या सध्या माझ्यावर रुसल्यात. रुसू देत, गावात पॉलिशवाले पुष्कळ आहेत. आणि तुम्ही? मी हात जोडणार नाही. नको असेन तर खुशाल गोणीत भरा. कोंबड्यांची तब्येत ठणठणीत आहे. तुमची तुम्ही बघा.