सकाळी बसणारी गाडी

मिस्त्रींनी साबणाच्या फेसात बुडवलेला ब्रश चाकामागच्या हवेच्या रबरी पिशवीवरून फिरवला आणि तिथेच पडून वाट पाहिली. एकही बुडबुडा उठला नाही. ही शेवटची पिशवी होती. ते पाठीवर सरकत गाडीखालून बाहेर आले आणि अंगावरची धूळ झटकत उठून बसले.

"ताई, ही तर माझ्यापेक्षा धडधाकट आहे."

सूनबाई पायरीवर उभी होती. ऑफिसची पर्स खांद्याला लावलेली, डोळे गाडीवर.

"मग रोज सकाळी खाली बसलेली का दिसते? इंजिन चालू केलं की उठते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"माझ्या गॅरेजात ठेवली होती तेव्हा रात्रभर ताठ उभी होती."

"म्हणजे घरी आली की आजारी पडते?"

"माझ्या नातीचं पोट शाळेच्या दिवशीच दुखतं, तसं." मिस्त्री हसले. ती हसली नाही, तसे त्यांनी विचारलं, "किल्लीवर गाडी खाली घ्यायचं बटण आहे. ते कुणी दाबत नाही ना?"

"कोण दाबणार? घरात मी आणि सासूबाई. त्यांना टीव्हीचा रिमोट जमत नाही."

डोंगर-दगडांत चालणारी ती उंच, महागडी गाडी तिच्या नवऱ्यानं हौसेनं घेतली होती. वर्षभरासाठी म्हणून तो परदेशी कामावर गेला. मुक्काम एकदा वाढला, मग पुन्हा वाढला. गेल्या आठवड्यात तो फोनवर म्हणाला, गाडी विकून टाक, उगाच पडून आहे. गिऱ्हाईकही त्यानंच तिकडून ठरवलं. ते रविवारी येणार होतं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. समजावून सांगायला त्यांना फार आवडायचं. समोर कुणी ऐकणारं असलं की त्यांचे हात आपोआप संथ व्हायचे.

"हे बघा. हिला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर हवेच्या चार पिशव्या. आता समजा, एक पिशवी गळतेय. तो कोपरा खाली जातो. पण गाडी शहाणी. तिरकी दिसायला नको म्हणून बाकीच्या तिघींचीही हवा स्वतःच सोडते. सकाळी बघावं तर चौघी खाली. गळकी कोण, कसं ओळखणार?"

"कसं?"

त्यांनी हवा सांभाळणाऱ्या यंत्राचा छोटा फ्यूज उपटून तळहातावर ठेवला. "हिला रात्रभर मुकं करायचं. आता कुणी कुणासाठी वाकणार नाही. जी गळकी असेल ती एकटी बसेल. उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा ऊन नुकतं फाटकाशी पोचलं होतं. गाडी चारही पायांवर ताठ उभी होती. मिस्त्री मनात म्हणाले, संपलं, गळती नाहीच. तेवढ्यात त्यांना चालकाशेजारच्या दाराखाली ठेवलेलं स्वयंपाकघरातलं स्टूल दिसलं.

काचेआड सासूबाई बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, मांडीवर पर्स, छातीवरून पट्टा नीट लावलेला. समोर भिंत होती. त्या तिच्याकडे रस्ता असावा तशा बघत होत्या.

मिस्त्रींनी काचेवर हलकेच टिचकी मारली. आजींनी दार थोडं उघडलं.

"आज ही बसली नाही मेली. तुम्ही काही केलंत का?"

"फ्यूज काढलाय, आजी."

"मग लावा बाबा परत. गुडघा वर जात नाही माझा." त्यांनी पदरानं काच पुसली. "तो मला बाहेर न्यायचा तेव्हा आधी खाली करायचा. 'आई, थांब, गाडीला बसवतो, मग तू बस.' रोज म्हणायचा, आणि रोज स्वतःच हसायचा."

"बटण त्यानंच दाखवलं?"

"मग काय. टीव्हीच्या रिमोटला बटणं फार." आजींनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. ती अजून लांब पायांच्या माणसासाठी मागे सरकवलेली होती. सूनबाई चालवताना पाठीमागे उशी घ्यायची, सीट मात्र पुढे घेत नसे. हे मिस्त्रींच्या आत्ता ध्यानात आलं.

"सुनेला सांगू नका. म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला."

हात धरून त्यांनी आजींना स्टुलावर, मग जमिनीवर उतरवलं. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं सूनबाई चहा घेऊन बाहेर आली.

"काय निघालं?"

मिस्त्रींनी कप घेतला. दोष सापडल्यावर तो लपवायची त्यांना सवय नव्हती. ते चहावर फुंकर घालत राहिले.

"फ्यूज आजच लावून जा," ती म्हणाली. "ते स्टूल डुगडुगतं. त्याचा एक पाय आखूड आहे."

मिस्त्रींनी वर पाहिलं. स्वयंपाकघराची खिडकी गाडीच्या बाजूलाच उघडत होती.

"मग मला कशाला बोलावलंत, ताई?"

तिनं बॉनेटवरचं एक वाळकं पान उचललं आणि बोटांत चुरगळत राहिली.

"मी विकू नको म्हटलं तर त्याला पटत नाही. मेकॅनिकनं सांगितलं तर..." ती थांबली. "तुम्हाला एखादी गळती सापडेल, असं वाटलं होतं."

मिस्त्रींनी कप पायरीवर ठेवला. खिशातून फ्यूज काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि बॉनेट उघडून जागेवर बसवला.

"फोन लावा त्याला. सांगा, गाडी रोज सकाळी खाली बसते. मिस्त्रीनं सगळं तपासलं, पण त्याच्या हातून हे दुरुस्त होण्यातलं नाही. आणि अशी गाडी मिस्त्री गिऱ्हाईकाला दाखवू देणार नाही."

"आणि त्यानं विचारलं, मग कोण करणार?"

"मालकानं स्वतः येऊन बघावं, म्हणावं. सकाळच्या वेळी."

तिनं दाराजवळच्या खुंटीवरून किल्ली आणली आणि बटण दाबलं. हवा सुटल्याचा लांब आवाज झाला आणि गाडी चारही बाजूंनी एकदम खाली आली. तिनं किल्ली परत नेऊन अडकवली, पण आधीपेक्षा खालच्या खुंटीवर, सासूबाईंचा हात सहज पोचेल अशी. मग स्टूल उचललं आणि आत घेऊन गेली.