चिंचेने घासलेल्या चार ओळी

मित्रांनो, मिटलेली असताना माझी लांबी एक वीत भरते आणि तिन्ही नळ्या ओढल्या की पावणेदोन हात होते. अंग पितळेचे, डोळा काचेचा. मी दुर्बीण आहे. माझे वय दीडशे वर्षांहून अधिक असून सध्या माझा मुक्काम दुबईतील डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या एका काचेच्या कपाटात असतो. परंतु माझी हकीकत सांगायची, तर ती जनरल सुभानराव विचारे यांच्यापासूनच सांगावी लागेल.

सुभानराव एका लहानशा संस्थानाच्या फौजेत सोळाव्या वर्षी दाखल झाले. तापलेल्या तोफेवर पाणी ओतणे हे त्यांचे पहिले काम. पुढे ते गोलंदाज झाले, मग तोफखान्याचे जमादार आणि चाळिशीत जनरल. मी त्यांच्याकडे आले ती जमादारीच्या काळात. नुसत्या नजरेने अंतर सांगणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, तरी ते माझ्यावाचून कधी हुकूम देत नसत. त्यांचा एक नेम होता. पहाटे धोतराच्या सोग्याने माझे भिंग पुसायचे, एकच जागा तीनदा पाहायची आणि मगच बोलायचे. तीन मोहिमांत हा नेम मोडला नाही.

चौथ्या मोहिमेत मोडला. नदीला गुडघाभर पाणी असलेला एक उतार होता आणि पलीकडून शत्रू येणार अशी खबर होती. थंडी कडाक्याची होती. माझ्या भिंगावर दव धरले होते. जनरलसाहेबांनी मला एकदाच डोळ्याला लावले. पाण्यात माणसे हलत होती. त्यांनी तोफा डागण्याचा हुकूम दिला.

ती त्यांचीच तुकडी होती. एक दिवस आधी परतत होती.

त्या आवाजाने पलीकडचा शत्रू मात्र पळाला. दरबाराने विजय लिहून घेतला आणि जनरलसाहेबांना मानाची वस्त्रे दिली. खरे काय घडले हे त्यांनी दरबाराला दोनदा कळवले, दोन्ही वेळा कागद परत आला. तेव्हा त्यांनी माझी आतली नळी ओढली आणि चाकूच्या टोकाने तिच्यावर मोडी लिपीत चार ओळी कोरल्या. पुढे त्यांनी नोकरी सोडली. रोज पहाटे मात्र ते माझे भिंग पुसत राहिले, पाहण्यासारखे समोर काही नसतानाही.

ते गेल्यावर मी घरात मानाची वस्तू झाले. कधीही न हरलेला जनरल, अशी त्यांची कीर्ती घरात सांगितली जाऊ लागली. मोडी वाचणारी पिढी संपली. मग दर दसऱ्याला शस्त्रपूजेआधी मला चिंच आणि मीठ लावून लख्ख करण्याचा प्रघात पडला. घासणाऱ्या हातांत भक्ती होती, हे मी नाकारत नाही. पण त्या हातांना माझ्या नळीवरच्या ओळी म्हणजे नुसते चरे वाटत. दर दसऱ्याला जनरलसाहेबांचे अक्षर थोडे थोडे उतरत गेले आणि मला ते सांगता येईना.

विजयकुमार विचारे हे त्यांच्या पणतूचे चिरंजीव. तंत्रनिकेतनात शिकलेले, कारखान्यात हयात घालवलेले, निवृत्तीनंतर मला घेऊन मुलाकडे दुबईला आले. दसऱ्याला ते माझ्या शेजारी आपले मोजमापाचे व्हर्नियर कॅलिपर ठेवतात आणि दोघांनाही हळदकुंकू वाहतात. यंदा मराठी मंडळाच्या दसरा कार्यक्रमात त्यांची नात इशिता जनरलसाहेबांवर बोलणार होती. तिचे वडील सिद्धार्थ दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधील एका कारखान्यात मालाची तपासणी करतात. स्टेजवर मी झळकले पाहिजे, असे त्यांना वाटले. चिंचेने किती घासणार, पॉलिशच्या मशीनवर पाच मिनिटांचे काम आहे, असे म्हणून ते शनिवारी मला, बाबांना आणि इशिताला घेऊन कारखान्यात गेले.

मशीन यूनुसभाईंच्या हाती होते. चाक फिरू लागले. माझ्या उरल्यासुरल्या ओळींना तेवढीच पाच मिनिटे शिल्लक होती.

यूनुसभाईंची एक सवय होती. कोणतीही वस्तू चाकाला लावण्याआधी ते तिच्यावरून अंगठा फिरवीत. अंगठा नळीवर थांबला. त्यांनी मशीन बंद केले.

"सर, इधर कुछ लिखा है," ते म्हणाले. "चाक लगाया तो खलास."

सिद्धार्थ हसून म्हणाले, जुने चरे आहेत, चालू द्या. पण विजयकुमारांनी चष्मा पुसला आणि मला दिव्याखाली तिरपे धरले. दुबईला येण्याआधी पुण्यात ते सहा महिने मोडीच्या वर्गाला गेले होते, आणि त्यानंतरही त्यांनी प्रत्येक दसऱ्याला मला स्वतःच्या हातांनी घासले होते. त्यांनी खिशातला पातळ कागद नळीवर गुंडाळला आणि त्यावर पेन्सिल आडवी फिरवली. काळ्यात पांढरी अक्षरे उमटली. पहिली ओळ, म्हणजे तारीख, कायमची गेली होती. उरलेल्या तीन त्यांनी अडखळत वाचल्या.

"उतारावर एकोणीस पडले, आपलीच माणसे. भिंग पुसले नव्हते. चूक माझी."



"बट आजोबा," इशिता म्हणाली, "ही नेव्हर लॉस्ट, राइट? माझी पूर्ण स्पीच तीच आहे."

सिद्धार्थांनी बाबांना बाजूला घेतले. तीनशे लोकांसमोर घराण्याचे हे कशाला सांगायचे, शिवाय कोणाला मोडी येते, असे ते हळू आवाजात म्हणाले.

"तुझ्या हातून चुकीचा माल पास झाला, तर तू काय करतोस?" विजयकुमारांनी विचारले.

"रिपोर्ट लिहितो."

"साहेबांनी तो परत केला तर?"

सिद्धार्थांनी नळीकडे पाहिले.

"यांनी पितळेवर लिहिला," विजयकुमार म्हणाले. "आणि मी तो चिंचेने पुसत बसलो. बोलायचं काय, ते इशिताला ठरवू दे."

कार्यक्रमात मी झळकले नाही. इशिताने जुने भाषण घरीच ठेवले होते. तिने तीन ओळी वाचल्या, नंतर माझ्यापुढे झेंडूची एकोणीस फुले एकेक करून ठेवली. त्या माणसांची नावे कोणालाच ठाऊक नव्हती. पहिल्या रांगेत बसलेले सिद्धार्थ दहाव्या फुलाला उठून उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग सारे सभागृह उभे राहिले.

आता मला कोणी चिंच लावत नाही. माझे पितळ काळवंडत चालले आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला चमकवण्याआधी यूनुसभाईंसारखा एकदा अंगठा फिरवून पाहा. एवढीच माझी विनंती.

शाळेची बस येण्यापूर्वी इशिता कपाट उघडते आणि मऊ फडक्याने फक्त माझे भिंग पुसते. मग बाल्कनीतून समोरच्या रस्त्यावरची एकच जागा ती तीनदा पाहते.