अवसेचं पान

हैबतरावांच्या घरात माणसं चार आणि जेवणाच्या पंगतीही चार. दुपारी आधी हैबतराव जेवायचे. मग त्यांचा मुलगा महिपती, डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट संपवून यायचा तेव्हा. त्याच्यामागून सासू बायजा, आणि सगळ्यांत शेवटी, भांडी पुढ्यात ओढून, सून सरू. पेण-रोहा रस्त्यालगतच्या त्या गावात हे कुणाला खटकत नव्हतं, कारण घरोघरी असंच होतं. बाईनं शेवटी बसायचं, आणि भांड्यात काही उरलं नसेल तर एकटीपुरती चूल पेटवायची नाही. पेटवलीच तर खादाड म्हणून तिचं नाव व्हायचं.

त्या दुपारीही वालाचं बिरडं संपलं होतं. सहावा महिना लागलेली सरू पातेल्याच्या बुडाला चिकटलेले वाल खरवडत होती. बायजाला ते बघवलं नाही. बायजा वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

"थांब गो सरू," ती म्हणाली आणि पेणच्या बाजारातून आणलेलं मसालाभाताचं पाकीट तिनं पिशवीतून काढलं. पाकिटावर हिरवेगार वाटाणे, लाल गाजर आणि पनीरचे तुकडे असलेला वाफाळता भात होता. "कडत पानी ओत नि झाकून ठेव. चूल नाय पेटवायची, काय नाय. नि बग, समदी भाजी हाय यात. आमच्या येळेला कुठलं गो असं? म्या तर कांदा-भाकरीवर दोन बाळंतपनं काढली."

सरूनं घास घेतला आणि हसली. "आये, लय गोड लागतं."

तेव्हापासून फळीवर पाकिटांची चळत राहू लागली आणि सगळ्यांचीच सोय झाली. पूर्वी सुनेसाठी वाटीभर कालवण राखून ठेवावं असं बायजाला अधूनमधून वाटायचं, तेही वाटेनासं झालं. महिपती निर्धास्तपणे दुसऱ्यांदा कालवण वाढून घ्यायचा. "तिला पाकीट हाय ना," म्हणायचा. घरचा तांदूळ, घरचे वाल, दारात मासळी घेऊन येणारी कोळीण, आणि घरातली गरोदर बाई कढत पाण्यात भिजवलेला भात खात होती. यात काही चुकतंय असं कुणाच्याही मनात आलं नाही.

दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की सरूला उमळून यायचं, म्हणून तिनं त्या सोडून दिल्या. तिचा रंग उतरत गेला. शेजारची काशीबाई कौतुकानं म्हणाली, "सून उजळली गो तुजी! मुलगीच व्हनार बग." विहिरीवरून हंडा आणताना सरूला धाप लागायची आणि ती उंबऱ्यावर बसून राहायची. दिवस भरत आलेत, सगळे म्हणायचे.

दिवस भरले तेव्हा तिला रोह्याच्या दवाखान्यात नेलं. बाळ रडलंच नाही. आणि संध्याकाळ व्हायच्या आत सरूही गेली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा बायजा बाकावर बसली होती. "मावशी, तिच्या अंगात रक्तच नव्हतं. बाळंतपणात जे गेलं ते तिला पेलवलं नाही. काय खायची ती?"

बायजानं मोठ्या भरवशानं पिशवीत हात घातला. सरूला शुद्ध आल्यावर द्यावं म्हणून तिनं एक पाकीट बरोबर आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते फोडून कागदावर ओतलं. पांढरा तांदूळ, पिवळी पूड, चार सुके वाटाणे, गाजराचा चुरा.

"हा भात, मीठ, तेल नि मसाला. भूक भागते यानं. जोडीला डाळ, मासळी, पाला असता तर कधीमधी खाल्ल्यानं काही बिघडलं नसतं. पण नुसत्या यावर रक्त कसं होणार?"

"पन बाई, वर चित्र हाय ना," बायजा म्हणाली.

बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असं गावात मानतात. बायजाला तसं काही दिसलं नाही. तिला फक्त वास यायचा. पुरुषांची जेवणं उरकली, घर निवांत झालं, की स्वयंपाकघरात त्या मसाल्याचा वास दरवळायचा, आणि कुणीतरी पातेल्याचं बूड खरवडत असल्याचा आवाज व्हायचा. घरात एकही पाकीट उरलं नव्हतं. बायजा भिंतीकडे तोंड करून बसायची, वळून बघायचा तिला धीर व्हायचा नाही.

भगतानं सांगितलं, पोरगी उपाशी गेलीय, दर अवसेला, अमावास्येच्या दिवशी, मागल्या दारी तिचं पान ठेवा, आणि तिच्याआधी घरात कुणी जेवू नका. हैबतरावांनी लगेच मान डोलावली. अवसेला ते पाटावर गप्प बसून राहायचे आणि आधी सरूचं पान निघायचं. भात, बिरडं, तळलेली मासळी, पालेभाजी, उकडलेलं अंडं. जिवंतपणी जिला खरवड मिळाली तिला मेल्यावर पहिला मान मिळाला, आणि त्या घरात कुणाची मान लाजेनं खाली गेली नाही.

वर्षाच्या आत महिपतीचं दुसरं लग्न झालं. नवी सून हौसा. तिलाही लवकरच दिवस गेले.

पुढच्या एका अवसेला बायजा पान घेऊन मागल्या दाराकडे निघाली. हौसा दाराला टेकून त्या पानाकडे बघत होती आणि आवंढा गिळत होती. चौकटीवरच्या तिच्या बोटांची नखं पांढरी पडलेली बायजाला दिसली. तेवढ्यात महिपती कामावरून आला आणि त्यानं हातातली पाकिटं फळीवर ठेवली.

"हौसासाठी आनली. कालवन पुरत नाय ना."

बायजा मागे फिरली. पान तिनं हौसाच्या पुढ्यात ठेवलं. "बस. जेव."

हौसा घाबरून मागे सरकली. "आये, त्ये तर तिचं हाय."

"व्हय, तिचंच. ती गेली, पोरी. तू जेव."

"बायजे, येड लागलं काय तुला?" हैबतराव ओरडले. "कोपंल ती! नि आमी कवर बसायचं उपाशी?"

"मेलेलीच्या भ्यानं बसताव ना दर अवसेला? आज जितीसाठी बसा." बायजा जागची हलली नाही. "कोपायचं आसंल तर माज्यावर कोपू दे. तिला आपन मारली. म्या माज्या हातानं नि तुमी तुमच्या पोटानं. ही मी मरू द्यायची नाय. उद्यापासून समदी एका पंगतीला बसतील, नायतर चूल पेटायची नाय."

महिपतीनं खाली बघितलं. हैबतराव काहीतरी पुटपुटले, पण पाटावरून उठले नाहीत.

हौसा जेवू लागली. आधी भीत भीत, मग भराभरा, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही न थांबता. पान रिकामं झालं तेव्हा तिनं मान वर केली आणि अगदी हळू म्हणाली, "आये, थोडं बिरडं हाय का अजून?"

बायजा वाढायला उठली, आणि तिला रडू आवरेना. सरूनं असं कधी मागितलं नव्हतं. आणि हवंय का, असं बायजानं तिला एकदाही विचारलं नव्हतं.